देवापुढे ठेवलेला आकडा

हे मी सुजयलासुद्धा सांगितलेलं नाही. सुजय माझा नवरा. माझ्या कुठल्या दाढेत सिमेंट भरलंय आणि त्याच्या कुठल्या बहिणीशी माझं मनातून पटत नाही, सगळं त्याला माहीत आहे, हे मात्र नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवाला सांगायचा तर प्रश्नच नाही. का, ते पुढे कळेल. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही कुमुदमावशींना ओळखत नाही म्हणून. उद्या त्या समोर आल्या तर तुमचा चेहरा पडणार नाही.

सरळ सांगून टाकायचं असं ठरवूनच बसले होते. पण पहिल्याच वाक्याला जीभ अडखळते आहे. तेव्हा आधी घराबद्दल सांगते. घराबद्दल मला कधीही, कितीही बोलता येतं.

घर बॉथेलमध्ये आहे, सिएटलच्या थोडं वर. बैठं घर, इथले लोक त्याला रॅम्बलर म्हणतात. पुढच्या दारातून आत शिरायचं आणि एकही पायरी न चढता, न उतरता थेट मागच्या अंगणात निघायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून प्लमचं झाड दिसतं. त्याच्या पलीकडे कुंपणावर ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या. मी त्या दरवर्षी कापते आणि दरवर्षी त्या मला पुरून उरतात. छपरावर शेवाळं. आणि संध्याकाळी कावळे. एक-दोन नाहीत हो, आकाश काळं करून टाकणारे कावळे, रोज आमच्या डोक्यावरून कॉलेजच्या झाडांवर मुक्कामाला जातात. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवले तर म्हणाल्या, "बरं झालं बाई, पितृपंधरवड्यात वाट बघत बसायला नको."

मी या घरात सुखी आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण असली कबुली देणाऱ्या बाईची झोप उडालेली असावी, तिने खिडकीत बसून उसासे टाकावेत, अशी आपली एक अपेक्षा असते. माझी झोप उडालेली नाही. पाठ टेकली की घोरते, असं सुजयचं म्हणणं आहे. सकाळी चहाचा कप घेऊन त्या खिडकीशी उभी राहते तेव्हा मला खरोखर बरं वाटतं. रोज. मग हे सुख माझं नाही का? आहे. तिथेच तर सगळी अडचण आहे.

आता मावशी.

कुमुदमावशी माझ्या सख्ख्या मावशी नाहीत. इथे नवीन आलेल्या मुलीला मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी ना कुणी मावशी मिळते, तशा त्या मला मिळाल्या. मूळच्या साताऱ्याच्या, पण इतकी वर्षं इथे काढलेल्या की त्यांच्या भाजीत सेलरीसुद्धा गुण्यागोविंदाने नांदते. माझ्या मुलीच्या, ईराच्या बाळंतपणाच्या वेळी माझ्या आईचा व्हिसा नाकारला गेला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मावशींना कुणी सांगितलं कोण जाणे! दुसऱ्या दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा आणि स्वतःची उशी घेऊन त्या दारात हजर. राहायलाच आल्या होत्या. ईराला पहिली अंघोळ त्यांनी घातली, पायांवर आडवी घेऊन. मी नुसती बघत होते. मला त्या इवल्या मानेची भीती वाटत होती. "भिऊ नकोस गं, पोरं काचेची नसतात," म्हणाल्या.

या बाईबद्दल मी बोलते आहे. हे लक्षात असू द्या. मी पुढे माझी बाजू घ्यायला लागले तर हेच आठवा.

मावशींचे दोन नियम होते. आमच्या सगळ्या गोतावळ्यात ते प्रसिद्ध होते आणि त्यावरून त्यांची भरपूर थट्टाही व्हायची. पहिला नियम: कुठलीही रक्कम शून्यावर संपवायची नाही, वर एक ठेवायचा. आपण आहेरात ठेवतोच की, एकावन्न, एकशे एक. पण मावशींचं ते आहेरापुरतं नव्हतं. हॉटेलात टिप ठेवताना वर एक. मंडळाची वर्गणी भरताना वर एक. खजिनदार दरवर्षी हिशेब जुळवताना कपाळाला हात लावायचा. ईरा लहान असताना तिच्या वाढदिवसाच्या पाकिटातून एकवीस डॉलर निघाले की विचारायची, "आई, व्हाय द एक्स्ट्रा वन?" मावशी तिला सांगायच्या, "शून्यावर थांबलं की संपलं गं. एक ठेवला की पुढे चालू."

दुसरा नियम त्याहून कडक. मोठा खर्च करायचा तर आधी आकडा ठरवायचा, देव्हाऱ्यापुढे सुपारी ठेवून देवाला तो सांगायचा, आणि मग काही झालं तरी बदलायचा नाही. "देवाशी घासाघीस करायची नाही," हे त्यांचं वाक्य. एकदा गाडी घ्यायला गेल्या, तर विक्रेता देवाला सांगितलेल्या आकड्याच्या वर थोडंसंच मागत होता. एका जेवणाचे पैसे म्हणा ना! काका गयावया करायला लागले, विक्रेता हसायला लागला. मावशी पर्स उचलून बाहेर. ती गाडी गेली ती गेलीच. ही गोष्ट काका इतक्या रंगवून सांगायचे की आम्हाला पाठ झाली होती.

काका म्हणजे मावशींचे यजमान. निवृत्त इंजिनिअर, मितभाषी, पक्ष्यांचे वेडे. एका हिवाळ्यात बर्फ गोठलेल्या ड्राइव्हवेवर पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण जिने संपले. आणि मावशींचं घर म्हणजे नुसते जिनेच! इकडच्या नवीन टाउनहोमसारखं उभं घर: खाली गॅरेज आणि एक चिंचोळी खोली, वर स्वयंपाकघर, त्याच्या वर झोपायच्या खोल्या. काका खालच्या त्या खोलीत राहायला आले. एका भिंतीपलीकडे गाडी, दुसरीकडे पाणी तापवायची टाकी. खिडकी होती, पण तिच्यातून शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या पेट्या दिसायच्या. आणि मावशी दिवसभर खाली-वर. चहा खाली, औषधं खाली, ताट खाली, उष्टं ताट वर.

म्हणून त्यांना बैठं घर हवं होतं. आम्हाला का हवं होतं? आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटला कंटाळलो होतो. मला झाड हवं होतं. आमच्या घरात तिघांचे मिळून सहा गुडघे, सगळे ठणठणीत.

बैठी घरं या भागात कमी निघतात आणि निघाली की झुंबड उडते. गुरुवारी घर बाजारात येतं, शनिवार-रविवारी बुटांवर निळी प्लॅस्टिकची टोपणं चढवून लोक रांगेने बघून जातात, आणि मंगळवारी मालक सगळ्यांच्या ऑफर्स एकदम उघडतो. यात एक गंमत असते, तिला एस्कलेशन क्लॉज म्हणतात. म्हणजे असं लिहून द्यायचं की माझी किंमत अमुक. पण दुसऱ्या कुणी जास्त दिली तर मी त्याच्यावर इतके चढवीन, आणि असं चढत चढत अमक्या मर्यादेपर्यंत जाईन. थोडक्यात लिलावच, फक्त आरडाओरडा नाही. तुम्ही घरी बसून कुकर लावलेला असतो आणि तिकडे कागदावर तुमचं कलम दुसऱ्याच्या कलमाशी मारामारी करत असतं. ज्याची मर्यादा आधी संपली, तो हरला.

आम्ही बरेचदा हरलो. मावशीही हरल्या. दोघींचा तो एक उद्योगच झाला होता. मी त्यांच्याकडे पोळ्या लाटायला बसायची, त्या भाजायच्या, आणि दोघी मिळून गेलेल्या घरांची उणीदुणी काढायचो. अशाच एका दुपारी त्यांनी मला त्यांचा शेवटचा आकडा सांगितला. नातवंडांच्या शिक्षणाचे पैसे हलवायचे नाहीत, बाकी सगळं धरून इतकं होतं, आणि त्याच्या वर एक. "देवाला सांगून टाकलाय," म्हणाल्या. बाकी कुणाला सांगितला असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या मुलालासुद्धा नाही.

आणि त्याच दुपारी त्या आणखी एक गोष्ट बोलल्या. "आपण फार बोलतो गं. तोंडातून बाहेर पडलं की मोडतं. यापुढे घर आवडलं तर होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. मलासुद्धा नाही. मीही सांगणार नाही." दृष्ट लागते. आपल्याकडे स्थळ, नोकरी, दिवस गेलेले, काहीही पक्कं होईपर्यंत बोलत नाहीत, तसंच हे. मला पटलं.

तुम्हाला आता पुढचं दिसायला लागलं असेल. मला तेव्हा दिसलं नाही, हे मात्र खरं आहे. एवढं एकच माझ्या बाजूने सांगते, आणि त्याचाही उपयोग नाही.

हे घर बाजारात आलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले आणि हललेच नाही. आमची एजंट लिंडा हसायला लागली. मी मावशींना काही बोलले नाही. त्या आठवड्यात मावशीही गप्पगप्पच होत्या. मला वाटलं, काकांची तब्येत. एकाच घरावर दोघी जीव टाकून बसलो होतो आणि दोघी एकमेकींपासून दृष्ट वाचवत होतो. दुसऱ्या कुणी असा वेडेपणा केला असता का? दोन अमेरिकन मैत्रिणींनी पहिल्याच दिवशी फोनवर सगळं बोलून टाकलं असतं.

मंगळवारी दुपारी लिंडाचा फोन आला. मी ऑफिसमधून गाडीत येऊन बसले. बाकीचे सगळे गळाले होते, फक्त आम्ही आणि आणखी एक जण उरलो होतो. दोघांचे क्लॉज एकमेकांवर चढत गेले आणि आमची मर्यादा आधी संपली. ते वर राहिले होते. पण मालक हावरट. त्याने दोघांना संध्याकाळपर्यंत वेळ दिला होता, मर्यादा वाढवायची असेल तर वाढवा म्हणून. हे सगळं सांगून झाल्यावर लिंडा हसत म्हणाली की समोरचे लोक मजेशीर दिसतात. सगळे जण हजार-हजारने चढतात, दोन-दोन हजाराने चढतात. हे एक हजार एकने चढतायत. हा वरचा एक डॉलर कशाला असेल?

हे तिने मला सांगायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. तिच्यासाठी तो नुसता विनोद होता.

मला कळलं. अर्थातच कळलं! लिंडाला, मालकाला, साऱ्या बॉथेलला ते कोडं पडलं असतं. मला त्यात मावशींची बोटं दिसली, कुंकवाची पुडी उघडणारी.

आता इथे थांबते जरा. कारण पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगायचं आहे, आणि तेच मी इतकी वर्षं स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटेल, धक्का बसला असेल, वाईट वाटलं असेल. वाईट नंतर वाटलं. पहिल्यांदा वाटला तो आनंद. पत्त्याच्या डावात समोरच्याचा पत्ता चुकून दिसावा तसा. कारण मावशींची मर्यादा मला माहीत होती, आणि ती त्या वाढवणार नाहीत हेही माहीत होतं. मालकाने संध्याकाळपर्यंत वेळ दिला काय आणि वर्षभर दिला काय, आकडा देवाला सांगून झाला होता.

समोर दुसरं कुणी असतं तर आम्ही थांबलो असतो. सुजयने सकाळीच सांगितलं होतं की यापुढे नाही. आपण वाढवू, तेही वाढवतील, त्याला अंत नाही. त्याचं बरोबर होतं. समोर अनोळखी माणूस असता तर मला ते घर मिळालंच नसतं. ते मिळालं, कारण समोर मावशी होत्या.

फोन हातात होता. मावशींचा नंबर आईच्या नंबरखाली होता, अजून आहे. "मावशी, तुम्हीच का?" एवढंच विचारायचं होतं. विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या, मीही हसले असते, आणि मग मला मागे सरावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. दृष्टीचं कारण होतंच हाताशी. होईपर्यंत बोलायचं नाही, त्यांनीच सांगितलं होतं ना?

मी मावशींना नाही, सुजयला फोन केला. म्हटलं, थोडी मर्यादा वाढवू या. किती, तेही मीच सांगितलं. तो म्हणाला, "अगं पण तेही वाढवतील ना!" मी म्हटलं, "नाही वाढवणार." "कशावरून?" मी म्हटलं, "आतून वाटतंय मला."

आतून वाटतंय! काय शब्द सुचला बघा. दुसऱ्याच्या देवघरात कान लावून ऐकलेलं, आणि म्हणे आतून वाटतंय.

सुजयने ऐकलं. माझ्या आवाजात काहीतरी होतं, असं तो अजून सांगतो. संध्याकाळी लिंडाचा फोन आला: घर तुमचं. समोरच्यांनी एक डॉलरही वाढवला नाही म्हणे. मी किंचाळले, सुजयने ईराला उचलून गरगर फिरवलं, आणि ती "पुट मी डाउन, बाबा!" म्हणून ओरडत राहिली. आम्ही त्या संध्याकाळी पिझ्झा मागवला. मी चांगले तीन तुकडे खाल्ले. घशात अडकला वगैरे काही नाही.

समोरच्याच्या शेवटच्या आकड्यावर ठरलेली भर, अशी आमची किंमत निघाली. त्यामुळे आमच्या घराची किंमतही एकावर संपते. सुजयला हे फार आवडतं. "बघ, आपोआप शुभ आकडा आला," तो पाहुण्यांना सांगतो. मी तेव्हा पाणी आणायला उठते.

मावशींना बातमी मीच दिली. द्यावीच लागणार होती. दुसऱ्याकडून कळलं असतं तर विचित्र दिसलं असतं. मी फोनवर म्हटलं, "मावशी, घर झालं." त्या आधी खूश झाल्या. मग विचारलं, "कुठलं गं? कुठल्या रस्त्यावरचं?" मी सांगितलं. फोनवर काही आवाज आला नाही. फार वेळ नाही, उसळी आलेलं दूध गॅसवरून उतरवायला लागतो तेवढाच. मग म्हणाल्या, "सोनं झालं बाई. अहो, ऐकलंत का? नीलूला घर मिळालं!"

तेवढ्या वेळात त्यांना सगळं कळलं होतं, आणि त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. पोरीला कळू द्यायचं नाही. आपण त्याच घरामागे होतो हे कळलं तर तिला तिथे सुखाने राहता येणार नाही. हे त्या मला कधी बोलल्या नाहीत, पण मी त्यांना ओळखते. तेव्हापासून त्या माझ्यापासून एक गोष्ट लपवतात आणि मी त्यांच्यापासून. लपवलेली गोष्ट एकच आहे. त्या ती माझ्यासाठी लपवतात. आणि मी? मीही माझ्यासाठीच.

वास्तुशांतीला मावशी सगळ्यांच्या आधी आल्या. कमरेला पदर खोचून त्यांनी पुरण वाटलं. काकांना मागच्या दाराशी खुर्ची दिली होती. ते सबंध दिवस अंगणात बघत बसले, आणि संध्याकाळी कावळे आले तेव्हा लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. निघताना मावशींनी माझी ओटी भरली, हातात पाकीट ठेवलं. किती होते ते सांगत नाही. वर एक होता.

त्यानंतर ते दोघं त्या जिन्यांच्या घरात आणखी वर्षभर राहिले. हिवाळ्यात एकदा काकांचं ताट घेऊन उतरताना मावशींचा पाय चुकला आणि मनगट मोडलं. आमटीचं ताट, स्टीलची वाटी, सगळं खालपर्यंत घरंगळत गेलं, आणि काका आपल्या खोलीतून हाका मारत राहिले. त्यांना उठून बघायला येता येईना. हे मला मावशींनीच हसत हसत सांगितलं, हात गळ्यात बांधलेला असताना. मी प्लास्टर निघेपर्यंत रोज डबा दिला. गाडी चालवत जायची, डबा द्यायची, जिन्यावरून चार फेऱ्या मारायची, परत यायची. मंडळात माझं कौतुक झालं. सख्खी भाची करणार नाही असं नीलिमा करते! मावशींच्या मुलाने कॅलिफोर्नियाहून फुलं पाठवली. मी ती खिडकीत ठेवली. छान दिसत होती.

आणि तो माझा 'आतला आवाज'! सुजयने ती गोष्ट इतकी पसरवली की आता आमच्या ओळखीत कुणीही घरावर ऑफर टाकायला निघालं की मला फोन येतो. "नीलिमा, यार, तुला काय वाटतं, समोरचा वाढवेल का?" मी आढेवेढे घेते. लोकांना तो नम्रपणा वाटतो.

पुढे मावशींनी ते घर विकलं आणि लिनवुडला लिफ्ट असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला. बरा आहे. काका वॉकर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारतात, समोरच्या कोरियन आजोबांशी दोस्ती झाली आहे. अंगण नाही. पण वाईट चाललंय असं कुणी म्हणू शकणार नाही, आणि तेही म्हणत नाहीत. एक रविवार सोडून एक रविवार मी दोघांना इकडे घेऊन येते. काका पुढच्या दारातून शिरतात आणि वॉकर ढकलत थेट मागच्या दारापर्यंत जातात. तिथे त्यांची खुर्ची आता कायमची आहे. मला ते आलेले मनापासून आवडतात. यात ढोंग नाही. ढोंग दुसरीकडे आहे.

मी हे आज सांगायला बसले, ते मागच्या रविवारामुळे.

काकांना अलीकडे थोडं विसरायला होतं. कालचं विसरतात, जुनं मध्येच वर येतं. त्या दिवशी ते आत आले आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना जो कोनाडा लागतो, तिथे थांबले. आम्ही तिथे बूट ठेवतो. त्या कोनाड्याकडे बोट दाखवून ते मावशींना म्हणाले, "कुमुद, आपला देव्हारा इथे ठेवणार होतो ना?"

मी चहाचं आधण ठेवत होते. मावशींनी माझ्याकडे पटकन बघितलं, चोरी पकडली गेल्यासारखं. त्यांनी! मग हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, ते हे नव्हे. ते दुसरं घर."

तेव्हा तरी बोलता आलं असतं. काही नाही तर गप्प बसता आलं असतं. मी चेहऱ्यावर कुतूहल आणलं, ते मला चांगलं जमतं, आणि विचारलं, "कुठलं घर हो मावशी?"

आणि मावशींनी मला एक घर रचून सांगितलं. सत्तरीच्या जवळ आलेल्या बाईने, आयुष्यात देवाशी घासाघीस न केलेल्या बाईने, माझ्या ओट्याशी उभं राहून एक नसलेलं घर उभं केलं. वुडिनव्हिलच्या बाजूला होतं म्हणे. पिवळा रंग. पुढे दोन गुलाब. बोलता बोलता त्या अडखळत होत्या, खोल्या कुठे होत्या ते सुचत नव्हतं, आणि मी मदत करावी तशी विचारत होते. स्वयंपाकघर मोठं होतं का? अंगण होतं का? होतं, म्हणाल्या, झाडही होतं एक.

"मग का नाही घेतलंत?" मी विचारलं.

मावशींनी बुटांच्या कोनाड्याकडे, मग काकांकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"देवाच्या मनात नव्हतं गं."

मी मान हलवली. चहात साखर घातली, काकांची अर्धा चमचा, मावशींची एक.